पुलाच्या पानावर कोण येते

वर्तमानपत्राच्या वेब डेस्कवर सकाळचे पहिले काम बातमी लावण्याचे नसते. काल कोण कुठून आले, ते आधी पाहायचे असते. चंद्रपूरच्या एका जिल्हा दैनिकात मी तेहतीस वर्षे काढली. सत्तावीस छापील पानांवर, शेवटची सहा संकेतस्थळावर. इथे लिहितो आहे ते शेवटच्या पावसाळ्याबद्दल. त्या आधीच्या बत्तीस वर्षांत सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते बहुतेक बातम्यांच्या रूपाने छापून झाले आहे. हे छापले गेले नाही.

बाहेरच्या वाचकासाठी काम थोडक्यात सांगतो. एखाद्या दुव्यावर बोट ठेवून कोणी आमच्या पानावर आला, की त्याचा ब्राउझर सोबत एक चिठ्ठी आणतो: मी अमुक ठिकाणाहून आलो. मोजणीचे सॉफ्टवेअर या चिठ्ठ्या वाचून माणसे ओळींत बसवते. शोधयंत्रातून आलेले एका ओळीत, समाजमाध्यमांतून आलेले दुसरीत, इतर संकेतस्थळांवरून आलेले तिसरीत. ज्याच्याजवळ चिठ्ठी नाही तो ‘थेट’ या ओळीत जातो. थेट म्हणजे पत्ता टाइप करून आलेला, असे शिकवले जाते. प्रत्यक्षात व्हॉट्सॲपवरून आलेले, ॲपमधून आलेले, चिठ्ठी वाटेत हरवलेले, असे सगळे तिथेच सापडतात. आलेल्याचे नाव, गाव, चेहरा काहीच कळत नाही. कुठून आला एवढे कळते, तेही त्याच्या ब्राउझरने सांगितले तर.

सेवेच्या शेवटच्या दोन वर्षांत ‘इतर संकेतस्थळे’ या ओळीत एक अनोळखी पत्ता दिसू लागला. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून. संकेतस्थळाचे तांत्रिक काम पाहणारी प्रज्ञा समोरच्या टेबलावर बसत असे. तिला विचारले.

“चॅटबॉट आहे सर.”

“तो काऊन येऊन राह्यला आपल्याकडे?”

“तो नाई येत. तो ज्याला उत्तर देते ना, तो माणूस येते. उत्तराच्या खाली आपला दुवा असते. शंभरातला एखादा दाबत असन.”

“आन् बाकीचे?”

“बाकीच्यायले उत्तर भेटलं. ते कायले येतील?”

प्रज्ञाने मग या मंडळींसाठी वेगळी ओळ केली. चार-पाच चॅटबॉटच्या पत्त्यांची यादी दिली आणि त्यांतला कोणताही पत्ता चिठ्ठीवर दिसला तर माणूस त्या ओळीत टाकायचा, असा नियम लिहिला. पहिले आठ दिवस ओळ रिकामीच राहिली. नंतर चूक सापडली. सॉफ्टवेअर नियम वरून खाली वाचते आणि जो आधी लागू पडतो तिथेच थांबते. आमचा नियम ‘इतर संकेतस्थळे’च्या खाली होता. माणसे आधीच्याच दारात अडत होती. नियम वर नेला आणि ओळ भरू लागली. रोज दोन, तीन, कधी एकही नाही.

मूल गावच्या एका राइस मिलच्या मुनिमांचा फोन याच सुमारास आला. दिवाळी आठ दिवसांवर होती.

“काय हो, पोळा दोनदा आला का यंदा?”

“कोण बोलता?”

“कोन बोलतो ते सोडा. मोबाइलले विचारलं, मूलचा बाजार चालू हाय का. तं तो म्हनते, पोळ्यानिमित्त आज बाजार बंद. आन् तुमच्या पेपरचं नाव सांगते. गाड्या भरून उभ्या हायेत इथी!”

बातमी आमचीच होती. पोळ्याच्या दिवशीची. डेस्कवर दोन दिवस हसणे चालले. कोणी दिसला की “पोळा दोनदा आला का” असे विचारायचे. प्रज्ञा हसली, पण म्हणाली, “सर, आपण ‘आज’ लिहितो ना, तिथं तारीख टाकली पायजे.”

मी तिला सांगितले की बातमीत तारीख लिहायची नसते. ती पानाच्या माथ्यावर असते. ‘आज’ म्हणजे त्या दिवशीचा आज. हा नियम मला माझ्या पहिल्या मुख्य उपसंपादकांनी शिकवला होता आणि मी पुढे पंधरा-वीस जणांना शिकवला. कॉपीत तारीख लिहिणाऱ्याची कॉपी मी लाल पेनाने खोडत असे. संकेतस्थळावर माथा नसतो, हे मला माहीत होते. तरी हात तसाच चालत होता.

आता मंगरूबद्दल. मंगरू मडावी हा गडचिरोलीच्या दक्षिणेकडील एका तालुक्याच्या गावी आमचा वार्ताहर होता. वय चाळिशीच्या आसपास. गावाबाहेर नदीवर एक बुटका पूल आहे. पावसाळ्यात तो कितीदा बुडतो याची गणती कोणी ठेवत नाही. पूल बुडाला की पलीकडच्या गावांना तालुक्याला येण्यासाठी पुलापासून दूर असलेल्या फाट्यावरून दुसरा रस्ता धरावा लागतो. तो लांबचा. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रकही त्याच रस्त्याने जातात, त्यामुळे पावसात वेळ दुप्पट लागतो. म्हणून फाट्यावर रस्ता निवडण्याआधी पूल चालू आहे की बंद, हे कळणे महत्त्वाचे.

मंगरू रोज सकाळी सहाला पुलावर जायचा, फोटो काढायचा आणि मला एका ओळीत कळवायचा. त्यासाठी आम्ही एक पान केले होते. पत्ता कायम एकच, मजकूर रोज बदलायचा. जुना पुसून नवा. फायदा असा की ज्याच्याकडे तो दुवा व्हॉट्सॲपवर एकदा गेला, त्याला पुढे तोच उघडून त्या दिवशीची स्थिती दिसे. शिक्षक, नर्सबाई, एसटीचे वाहक, दूध नेणारे अशी शे-दीडशे माणसे ते पान नियमित पाहत. ती सगळी ‘थेट’ या ओळीत जात. म्हणजे कागदावर ती कुठलीच नव्हती.

उन्हाळ्यात व्यवस्थापकांनी दूरच्या वार्ताहरांची यादी मागवली. ज्याच्या पानांवर बाहेरून नवे लोक येतात तो राहील, बाकीच्यांचे काम पावसाळ्यानंतर थांबेल, असे ठरले होते. मंगरूच्या बातम्या वर्षातून पाच-सहाच असायच्या. बाकी पुलाचे पान. मी त्याला फोनवर सांगितले.

तो म्हणाला, “भाऊ, मले बंद केलं तरी मी पुलावर जाईनच. सकाळी तिकडंच जा लागते.” मग हसून म्हणाला, “पन मग कळवू कोनाले? मासोळ्यायले?”

त्याचे काम राहावे म्हणून मी जे केले, ते नीट लिहितो.

आषाढात पाहिले की चॅटबॉटच्या ओळीतून येणाऱ्यांपैकी निम्मे पुलाच्या पानावर उतरतात. हे बाहेरचे, नवे लोक होते. व्यवस्थापकांना हवे ते हेच. ही ओळ वाढवता येईल का, याचा मी अभ्यास केला. चॅटबॉटला सरळ प्रश्न आणि सरळ उत्तर असलेले पान आवडते, असे वाचनात आले. म्हणून मी पानाची रचना बदलली. आधी तिथे मंगरूचा फोटो, खाली दोन ओळी असत. आता वर मोठ्या अक्षरात प्रश्न आला: पूल सुरू आहे का? खाली उत्तर: होय, आज सकाळपासून पुलावरून वाहतूक सुरू आहे. किंवा: नाही, आज पूल पाण्याखाली आहे. फोटो खाली गेला.

प्रज्ञाने पाहिले. “छान झालं सर. तारीख?”

“आज म्हणजे आज,” मी म्हणालो.

महिनाभरात ओळ चौपट झाली. मी तक्ता छापून व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी मान हलवली. “हे चांगलं आहे. असंच राहिलं तर तुमचा माणूस राहील.” मंगरूला मी त्याच दुपारी कळवले. तो म्हणाला, “काय म्हंता! मोबाइलच्या मेंदूत गेला म्हना आपला पूल.”

धानाच्या रोवणीचे दिवस होते. गुरुवारी सकाळी साडेसहाला मंगरूचा निरोप आला: पाणी चढले, पूल बंद. सातला मी पान बदलले. दुपारी तीनला डेस्कवर फोन वाजला. पलीकडचा माणूस सावकाश बोलत होता. नदीपलीकडच्या एका गावात त्याचे किराणा दुकान होते.

“पुलाचं तुमीच लिवता ना?”

“हो.”

“तुमी लिवलं होतं का, पूल चालू हाय म्हनून?”

“आज? नाही. सकाळी सातलाच बंद लिहिलं आहे. तुम्ही कुठं वाचलं?”

“वाचलं नाई. मोबाइलले विचारलं बोलून. त्यानं तुमचं नाव घेतलं.”

मग त्याने सांगितले. सकाळी त्याची आई धानाच्या बांधीत पऱ्हे, म्हणजे रोपे, उपटत असताना तिला साप चावला. जीपमध्ये टाकून निघाले. गावात रेंज नव्हती, ती फाट्यावर मिळाली. फाट्यावर त्याने मोबाइलला विचारले आणि उत्तर ऐकून पुलाचा रस्ता धरला. पुलावर पाणी होते. त्यांनी गाडी पाण्यात घातली नाही. मागे फिरून लांबच्या रस्त्याने निघाले. रुग्णालय चार किलोमीटरवर असताना आई गेली.

“तुमच्यावर केस कराले नाई फोन केला, साहेब. फक्त विचारून राह्यलो. लिवलं होतं का?”

मी पुन्हा सांगितले की आमच्या पानावर बंदच होते. तो “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला.

मी तक्ता उघडला. गुरुवारी चॅटबॉटच्या ओळीतून पुलाच्या पानावर आलेले: शून्य. आमच्या मोजणीनुसार तो माणूस आमच्याकडे आलाच नव्हता. मला हायसे वाटले. साधारण दहा मिनिटे.

प्रज्ञा म्हणाली, “सर, या तक्त्यात माणसं दिसतात. पान वाचाले जो प्रोग्राम येते, तो नाई दिसत. तो सर्व्हरच्या नोंदीत असते.”

तिने नोंदी मागवल्या. त्या शुक्रवारी आल्या. चॅटबॉटचा वाचणारा प्रोग्राम आमच्या पुलाच्या पानावर सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास येऊन गेला होता. त्यानंतर शुक्रवारपर्यंत नाही. सोमवारी पूल चालू होता. सोमवारी पानावर लिहिले होते: होय, आज सकाळपासून पुलावरून वाहतूक सुरू आहे.

ते वाक्य त्याने नेले आणि गुरुवारी फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिले. वाक्यात एकही शब्द त्याने बदललेला नव्हता. तारीख असती तर त्याने ती पाहिली असती का, ते मला माहीत नाही. नव्हती, एवढे माहीत आहे. फोटो वर असता, तर कदाचित त्याला सरळ वाक्य सापडले नसते आणि त्याने “माहिती नाही” म्हटले असते. तेही माहीत नाही. आई वेळेत पोहोचली असती तर वाचली असती का, हे डॉक्टरांनी सांगितले नाही. मीही सांगत नाही.

शनिवारी मी त्या दुकानदाराला फोन केला.

“त्यानं खोटं नाही सांगितलं,” मी म्हणालो. “आमचं सोमवारचं वाक्य होतं.”

“म्हनजे लिवलं होतं.”

“हो.”

पलीकडे कोणीतरी वजनकाट्यावर काही ठेवल्याचा आवाज आला. दुकान उघडे असावे.

“बरं,” तो म्हणाला.

महिन्याच्या बैठकीत मी हे सगळे सांगितले. माझे म्हणणे होते की पान आता तारीख आणि वेळ घालून चालवावे, चॅटबॉटसाठी केलेली रचना काढावी आणि मंगरूला कायम ठेवावे, कारण पुलावर माणूस उभा असणे आधीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे. सर्व्हरच्या नोंदी मी सोबत नेल्या होत्या. कोणी मागितल्या नव्हत्या. नेल्या नसत्या तर त्या महिन्याचा तक्ता उत्तम होता. मंगरूचे काम राहिले असते.

व्यवस्थापकांनी नोंदी वाचल्या. ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी विचारले, “म्हणजे आपल्या पानावर जे आले ते थोडे. आणि न येता आपलं ऐकून गेले, ते किती?”

“ते मोजता येत नाही.”

“त्यांच्यातला कोणी काल पुलावर गेला असेल का?”

“सांगता येत नाही.”

“मग हे पान मी कशाच्या जोरावर चालू ठेवू?”

पान त्याच संध्याकाळी काढले. पान नाही म्हटल्यावर मंगरूचेही काम उरले नाही. सहीचा कागद माझ्याच टेबलावर आला.

हे फोनवर सांगू नये असे वाटले. चंद्रपूरहून सकाळच्या गाडीने निघालो तो दुपारी पोहोचलो. मंगरू पुलाच्या तोंडाशी होता. पाणी कठड्याच्या खांबांपर्यंत आलेले. मी सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “त्या मायची गोष्ट तुमी मीटिंगमधी काऊन सांगतली भाऊ?”

“खरी होती म्हणून.”

“हो, ते बरोबर हाय,” तो म्हणाला. आणि पाण्याकडे वळून, “बरोबरच हाय.”

तेवढ्यात एक मोटारसायकल आली. दोघे होते, औषध कंपनीच्या पिशव्या घेतलेले. मंगरूने हात आडवा केला.

“बंद हाय.”

“याच्यात तर चालू दाखवतंय,” मागच्याने मोबाइल पुढे केला.

“मंग पान्याले दाखवा तो. उतरते का पाहा.”

पुढचा हसला. दोघांनी थोडा वेळ पाणी पाहिले, फोटो काढला आणि गाडी वळवली. मंगरू माझ्याकडे न पाहता म्हणाला, “इथवर आल्यावर तं आंधळ्यालेही समजते, भाऊ. पान्याचा आवाज येते. समजाले पायजे तिकडं, फाट्यावर. तिथं कोन उभं राहीन?”

तो स्वतः दोन दिवस फाट्यावर उभा राहिला, असे नंतर कळले. पण तिथून पूल दिसत नाही. पुलावर उभा राहिला तर फाटा राहतो आणि फाट्यावर राहिला तर पूल. तिसऱ्या दिवशी त्याने सोडले. फाट्यावर पाटी लावा म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज दिला. पाटी लागली. तिच्यावर लिहिले आहे: पुलावर पाणी असल्यास जाऊ नये.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस मी निवृत्त झालो. निरोपाचा समारंभ झाला, शाल मिळाली, भाषणांत माझ्या अचूकतेचा उल्लेख तीनदा झाला.

जाण्याच्या आदल्या दिवशी डेस्कवर बसून मी स्वतः चॅटबॉटला विचारले, पूल सुरू आहे का. उत्तर लगेच आले. उपलब्ध माहितीनुसार पुलावरून वाहतूक सुरू आहे, असे लिहून खाली आमच्या दैनिकाचे नाव आणि दुवा होता. पान काढून सहा आठवडे झाले होते. मी दुवा दाबला. ‘हे पान सापडले नाही’ अशी पाटी आली. उत्तर चुकीचे आहे, हे कळवण्यासाठी तिथे एक अंगठा होता, खाली वळलेला. तो दाबला. “कळवल्याबद्दल धन्यवाद” असे आले. पुन्हा तेच विचारले. पुन्हा तेच उत्तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा तक्ता पाहिला. प्रज्ञा मागे उभी होती. न सापडणारी पानेही मोजणीत धरली जातात.

“पाहा सर,” ती म्हणाली. “पुलाच्या पानावर चॅटबॉटमधून काल एक जण आला. अजून येतात लोक.”

मी तक्ता बंद केला. तिने तो आकडा आठवड्याच्या अहवालात घेतला.

मंगरू अजून सकाळी फोन करतो. रोज नाही, पाणी चढले की. “आज कठड्यावर आलं भाऊ,” असे सांगतो. मी ऐकतो. परवा त्याने विचारले, “त्या पानावर आता कोनी येत असन का हो?”

“एक जण आला होता,” मी म्हणालो.

“कोन?”

“ते कळत नाही, मंगरू.”

“कुठून आला, ते तरी?”

मी सांगितले, चंद्रपूरहून.